घोड्याची खोडी की चंदीची चूक?

घोडा का अडला? भाकरी का करपली? पान का सडले? हे तीन प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. न फिरवल्याने!

जुन्या माणसांनी हे कोडे घातले ते उगीच नाही. घोडा ठाणावर नुसता बांधून ठेवला की बिघडतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण घोडा बिघडण्याचे आणखी एक कारण आहे. ते कारण तोबऱ्यात असते. घोड्याला आपण काय घालतो, किती घालतो आणि केव्हा घालतो, यावर त्याची ताकद ठरते. त्याचा दम ठरतो. पुष्कळदा त्याचा स्वभावही ठरतो. आज हीच गोष्ट आपण नीट समजून घेऊ.

तुम्ही म्हणाल, "आता घोडे राहिले कुठे? टांगे तर गेले." खरे आहे. पण घोड्यावर पोट भरणारी घरे अजून पुष्कळ आहेत. माथेरानला मोटारींना बंदी आहे. मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते. तिथून पुढे कितीतरी पाहुणे घोड्यावर बसून जातात. महाबळेश्वरला आणि पाचगणीला घोडेवाले आहेत. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणारे आपले धनगर बांधव सारा संसार घोड्याच्या पाठीवर लादतात. लग्नात नवरदेवाला घोडी लागते. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेव्हा घोडा अजून आपल्यात आहे. ज्याच्या दारी तो आहे, त्याने त्याच्या खाण्याचे शास्त्र जाणले पाहिजे.

शनिवारी काय झाले?

समजा, थंड हवेच्या गावी एक घोडेवाला आहे. सोमवार ते शुक्रवार त्याला गिऱ्हाईक कमी. घोडा ठाणावर उभा. मालकाचा घोड्यावर भारी जीव. तो मनात म्हणतो, 'बिचारा उभा आहे. निदान पोटभर खाऊ तरी दे. शनिवारी-रविवारी कामाला ताकद येईल.' म्हणून तो सकाळ-संध्याकाळ मोठा तोबरा भरून चंदी चढवतो. गवत मात्र थोडेच टाकतो. गवत महाग, आणि डोंगरावर वाहून आणावे लागते.

शनिवार उजाडतो. खोगीर घालताना घोडा मान वळवून चावायला येतो. रस्त्यावर सरळ चालत नाही. मालक एका लहान मुलीला त्याच्या पाठीवर बसवतो. तेवढ्यात वाऱ्याने कागदाचा एक तुकडा उडतो. घोडा बुजतो आणि उधळतो. पोर खाली पडते. नशीब, थोडक्यात निभावते. मालक चिडतो आणि घोड्याला चाबकाने झोडपतो. लोक म्हणतात, "जनावर खोडकर आहे. विकून टाका."

पण तोबऱ्यात किती चंदी होती, हे कुणी विचारत नाही. पाच दिवस काम नाही आणि चंदी मात्र पुरी. अंगात साठलेला जोर घोड्याने काढायचा कुठे? घोड्याने खोडी केली खरी. पण त्या खोडीचे मूळ मालकाच्या मापात होते.

घोड्याचे पोट गाईसारखे नसते

आपल्याला गाई-बैलांची सवय. गाय भराभर चरते, मग निवांत बसून रवंथ करते. तिचे पोट मोठे असते. घोडा रवंथ करीत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर लहान असते. त्यात साधारण ८ ते १५ लिटरच मावते. म्हणून मोकळ्या रानात सोडलेला घोडा एकदाच तुडुंब खात नाही. तो थोडे थोडे, पण सारखे खातो. दिवस-रात्र मिळून १४ ते १६ तास त्याचे तोंड चालू असते.

घोड्याच्या जठरात आंबट रस सारखा पाझरत असतो. गवत चावताना भरपूर लाळ सुटते. ती लाळ या रसाची आग शांत करते. गवत नसले की चावणे नाही. चावणे नाही तर लाळही कमी. मग तो रस जठरालाच झोंबतो आणि आत व्रण पडतात. असा घोडा चिडका होतो. पोटपट्टा आवळताना चावतो. खुंटा कुरतडतो, गव्हाणीच्या फळ्या चघळतो. आपण म्हणतो, वाईट सवय लागली. खरे म्हणजे त्याला गवत हवे असते.

घोड्याचे गवत पचते ते मागच्या मोठ्या आतड्यात. तिथे डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जंतू राहतात. हे जंतू घोड्याचे मित्र आहेत. ते गवताचा चोथा कुजवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळवून देतात. या जंतूंना एकाएकी बदल सोसत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती कामाला येईल.

तुराटीची आग आणि गोवरीची आग

चुलीत तुराट्या घातल्या तर काय होते? भडका उडतो आणि पाहता पाहता विझतो. गोवरी घातली तर? ती हळूहळू धुमसत राहते. तिची धग बराच वेळ टिकते.

घोड्याच्या पोटातही तसेच आहे. मका, सातू, ज्वारी, बाजरी या धान्यांत पिठूळ अंश फार असतो. त्याची पोटात साखर होते. ती लवकर रक्तात उतरते. ही तुराटीची आग. चढण चढायची आहे, भराभर चालायचे आहे, तर ती उपयोगी पडते. पण काम नसताना ती चढली, तर काही घोडे तापट होतात, दचकतात, एका जागी ठरत नाहीत. जात्याच चपळ आणि बुजऱ्या घोड्यावर हा परिणाम जास्त दिसतो.

गवत, वैरण यांची ताकद हळूहळू मिळते. ती दिवसभर पुरते. ही गोवरीची आग. गवतावर पोसलेला घोडा बहुधा शांत असतो. तेलाची ताकदही अशीच सावकाश मिळते. म्हणून हडकुळा पण तापट घोडा असेल, तर त्याची चंदी वाढवण्यापेक्षा चांगले गवत वाढवावे. सोबत थोडे गोडेतेल द्यावे. सुरुवात एका चमच्याने करावी आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. एकदम वाटीभर तेल ओतले तर घोड्याला ढाळ लागतात.

कोणत्या खाण्यात काय आहे?

वाळलेले गवत: हा घोड्याच्या खाण्याचा पाया आहे. ते हिरवट, वासाला गोड आणि धूळ नसलेले असावे. हरळी घोड्याला आवडते आणि मानवते.

लसूणघास: हा चारा फार पौष्टिक असतो. त्यात हाडांना लागणारा चुना भरपूर असतो. पण एकट्या लसूणघासावर घोडा ठेवू नये. गवतात मिसळून थोडा घालावा.

हरभरा: ही आपल्याकडची जुनी चंदी. शंभर भाग हरभऱ्यात सुमारे वीस भाग प्रथिने असतात. प्रथिने म्हणजे अंग भरणारा अंश. पिठूळ अंश मक्यापेक्षा कमी असतो. हरभरा चांगला, पण मापात. गरजेपेक्षा जास्त प्रथिने झाली तर ती लघवीवाटे बाहेर पडतात. घोडा लघवी जास्त करतो, तबेल्यात उग्र वास सुटतो आणि आपले पैसे वाया जातात. हरभरा भरडून किंवा भिजवून घालावा. भिजवलेला हरभरा आंबला असेल तर फेकून द्यावा.

ओट: धान्यांमध्ये घोड्याच्या पोटाला हे सर्वांत सोपे. त्याला टरफल जास्त असते, आणि त्यातला पिठूळ अंश लवकर पचतो.

मका: यात पिठूळ अंश सर्वांत जास्त. कच्चा मका घोड्याला नीट पचत नाही. तो फार थोडा आणि भरडूनच घालावा.

ज्वारी, बाजरी: यांचे दाणे बारीक आणि कठीण असतात. अख्खे घातले तर लिदीत तसेच पडतात. भरडून घालावे. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घोड्याला कधीच घालू नये. ती विषारी ठरू शकते.

गव्हाचा कोंडा: घोडे तो आवडीने खातात. पण रोज कोंड्यावरच ठेवलेल्या घोड्याच्या अंगातला चुना कमी होतो. हाडे ठिसूळ होतात, तोंडाचे हाड फुगते, घोडा लंगडू लागतो. कोंडा तोंडीलावण्यापुरता असावा.

मीठ: घोड्याला घाम फार येतो आणि घामातून मीठ जाते. मीठ कमी पडले की घोडा लवकर थकतो. उभ्या घोड्याला रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ पुरते. उन्हात खपणाऱ्या घोड्याला त्याच्या दुप्पट लागते.

पाणी: घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहून जास्तही लागते. पाणी कमी पडले तर सारी चंदी फुकट.

किती घालावे?

आपल्याकडचा मध्यम घोडा धरू. त्याचे वजन सुमारे ३०० किलो. त्याला दिवसाला साधारण ६ किलो सुके खाणे लागते. त्यातले निदान साडेचार किलो गवत असलेच पाहिजे. हिरवा चारा असेल तर तो जास्त घालावा लागतो, कारण त्यात पाणी असते.

आता चंदी. घोडा उभाच असेल आणि अंगाने बरा असेल, तर त्याला चंदी लागतच नाही. चांगले गवत, मीठ आणि पाणी पुरे. फार तर अर्धा किलो घाला. दिवसातून दोन-एक तासांचे हलके काम असेल तर एक किलो पुरते. चार-पाच तासांचे चढउताराचे काम असेल, तर दोन ते अडीच किलो घालावी. पण ती एका वेळी घालू नये. तीन वेळा विभागून द्यावी. एका वेळी एक किलोच्या वर जाऊ नये.

का जाऊ नये? जठर लहान आहे. जास्तीची चंदी न पचता पुढे सरकते आणि मागच्या मोठ्या आतड्यात जाते. तिथे आपले मित्र जंतू आहेत ना? ही चंदी तिथे आंबते. तिच्या आंबटपणाने मित्र जंतू मरतात. पोट फुगते, शूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही. जे आत गेले ते बाहेर पडायला दुसरी वाट नाही. म्हणून घोड्याचा पोटशूळ जिवावर बेततो. कधी कधी हा आंबटपणा अंगभर भिनतो आणि खुरांच्या आत सूज येते. खूर गरम लागते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे देऊन उभा राहतो. पाऊल उचलत नाही. लोक म्हणतात, अडला! पण तो अडलेला नसतो. त्याला पाऊल टेकवत नाही.

चंदी डब्याने मोजू नका, वजनाने मोजा. एक डबा कोंडा आणि एक डबा हरभरा यांत फार फरक आहे. हरभऱ्याचा डबा कितीतरी जड भरतो. एकदा दुकानात जाऊन डब्यात किती किलो बसते ते तोलून घ्या. डब्यावर आतून खूण करा. मग घरातले कुणीही चंदी घालो, चूक होणार नाही.

सुटीच्या दिवसाचा रोग

पूर्वी परदेशी शहरांत गाडे ओढणारे मोठे घोडे असत. रविवारी त्यांना सुटी असे, पण चंदी रोजच्याएवढीच मिळे. सोमवारी गाडीला जुंपले की थोड्याच वेळात काही घोडे ताठरून उभे राहत. ढुंगणाचे आणि मांड्यांचे स्नायू दगडासारखे कडक होत. घाम सुटे. लघवी कॉफीसारखी काळपट होई. लोकांनी त्या रोगाला सोमवार सकाळचा रोग असेच नाव दिले.

आपल्याकडे गर्दी शनिवार-रविवारची असते. तेव्हा हा रोग शनिवारी सकाळी दिसू शकतो. असे झाले तर घोड्याला तिथेच थांबवा. ओढून चालवू नका, मारू नका. खोगीर उतरवा. पाणी द्या. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. आणि हा रोग होऊच नये म्हणून काय करायचे? काम नसेल त्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करा, गवत वाढवा, आणि घोड्याला थोडे फिरवून आणा.

केव्हा घालावे?

कामाच्या अगदी आधी तोबरा चढवू नका. चंदी आणि काम यांत निदान दोन तास जाऊ द्या. त्याआधी थोडे गवत खाल्लेले चालते. काम करून घोडा घामाघूम होऊन आला की आधी हळूहळू चालवून त्याला थंड करा. थोडे थोडे पाणी पाजा. मग गवत टाका. तासाभराने चंदी द्या. रात्री गव्हाणीत गवत असू द्या. रात्र मोठी असते आणि घोडा फार थोडा वेळ झोपतो.

खाणे बदलायचे असेल तर सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला. पहिल्या दिवशी मूठभर नवे, बाकी जुने. यात्रेत घोडा विकत घेतला, तर विकणाऱ्याला आधी विचारा, "भाऊ, हा काय खातो? किती खातो?" जमले तर चार दिवसांची तीच चंदी बरोबर घ्या. यात्रेत शांत दिसलेला घोडा घरी आल्यावर तापट होतो, किंवा तेजदार दिसलेला मलूल पडतो. त्यात नव्या जागेचा भाग असतो, तसा बदललेल्या खाण्याचाही असतो.

उपाशी घोडा शांत दिसला म्हणून फसू नका. तो गरीब स्वभावाचा नसतो, अशक्त असतो. बरगड्यांवर तळहात फिरवून पाहा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. मोजता आल्या तर खाणे कमी पडते. हाताला लागल्याच नाहीत तर जास्त होते.

बुरशी लागलेला मका घोड्याला कधीच घालू नका. त्यातल्या विषाने घोड्याचा मेंदू बिघडतो. घोडा गोल गोल फिरतो, भिंतीला डोके लावून उभा राहतो, आंधळा होतो आणि मरतो. लोकांना वाटते, बाहेरची बाधा झाली. बाधा असते ती बुरशीची. कोंबड्यांचे तयार खाद्यही घोड्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्यातले काही औषध कोंबडीला चालते, पण घोड्याचे हृदय बंद पाडते. एरंडीच्या बिया आणि एरंडीची पेंडसुद्धा घोड्याला विषच.

एक गोष्ट मात्र खरी. प्रत्येक खोडीचे मूळ चंदीत नसते. खोगिराखाली जखम असेल, दात टोचत असेल, नाल चुकीची बसली असेल, तरीही घोडा चावतो आणि अडतो. म्हणून आधी अंग तपासा, मग तोबरा तपासा. चाबकाला हात घालण्याआधी ही दोन्ही कामे करा.

शिवाजी महाराजांची ताकीद

मोजून घालण्याची ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १६७० ते १६८० या काळात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे छावणीत असलेल्या आपल्या अंमलदारांना एक पत्र पाठवले होते. ते पत्र आजही वाचायला मिळते. पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण साठवली होती. महाराजांनी बजावले की, ती आताच मनास येईल तशी उधळू नका. आज उधळाल तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग शिपाई रयतेकडून धान्य-गवत ओरबाडू लागतील. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार पाहणारा राजा घोड्याच्या वैरणीचा हिशेब पाहतो! मग ज्याच्या दारी एकच घोडा आहे, त्याने तो का पाहू नये?

आता त्या घोडेवाल्याकडे पुन्हा येऊ. त्याने घोडा विकला नाही, असे समजू. तो आता मधल्या दिवसांत चंदी मूठभरच घालतो. गवत थोडे थोडे चार वेळा टाकतो. रोज सकाळी घोड्याला फिरवून आणतो. शुक्रवारपासून चंदी बेताने वाढवतो. दोन-तीन आठवड्यांत घोड्यात फरक दिसू लागेल. पोटात व्रण असतील तर डॉक्टरांचे औषधही लागेल. पण पाठीवर बसलेले पोर सुखरूप उतरेल, घोड्याचा मार वाचेल आणि घरची चूल पेटती राहील.

एवढे ध्यानात ठेवा

१. आधी गवत, मग चंदी.
२. जेवढे काम, तेवढी चंदी. सुटीच्या दिवशी चंदी कमी.
३. एका वेळी एक किलोच्या वर चंदी नको.
४. मोजणे वजनाने, डब्याने नको.
५. खाणे बदलायचे ते सात ते दहा दिवसांत.
६. मीठ रोज, पाणी भरपूर.
७. बुरशी लागलेले काहीही घालू नका.
८. घोडा लोळू लागला, पोटाकडे वळून वळून पाहू लागला, लीद टाकीनासा झाला, तर खाणे बंद करा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

घोड्याला बोलता येत नाही. पोटात काय होते ते तो लाथेने, दाताने आणि चालीने सांगतो. ते आपण ओळखायला शिकले पाहिजे.